नगरपालिका, ग्रामपंचायत आणि घरातली मारहाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समुपदेशनाचं काम करते, शहराचं नाव नको, मध्यम आकाराचं आहे एवढं पुरे. नगरसेविका, ग्रामसेवक, दवाखान्यातल्या सिस्टर, कधी एखादे मुख्याधिकारी साहेब, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून काढलंय. यात महाराष्ट्रातलंच आहे सगळं, एक प्रश्न सोडून.

घरातली मारहाण हे पोलिसांचं काम आहे ना? नगरपालिकेचा काय संबंध?

पोलिसांचं आहेच, पण बाई आधी पोलिसांकडे जातच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांहून जास्त जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, महाराष्ट्रात हाच आकडा साधारण २५ टक्के आहे. म्हणजे चारात एक. आणि आता खरा आकडा बघा, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के बायकांनी कुणाची तरी मदत मागितली आणि ७७ टक्के जणी कुणाशी बोलल्याच नाहीत. मदत मागितली त्यातल्याही बहुतेकींनी माहेरीच मागितली.

पण याच बायका पोराला डोस द्यायला पालिकेच्या दवाखान्यात येतात, शाळेत पालकसभेला येतात, जन्मदाखल्याच्या खिडकीवर उभ्या असतात, रोज सकाळी घंटागाडीपाशी येतात. पोलीस स्टेशनची पायरी जी बाई आयुष्यात चढणार नाही ती पालिकेच्या कुठल्या ना कुठल्या माणसासमोर महिन्यातून दोनदा तरी उभी राहते. संबंध आहे तो हा.

कायद्याने आमच्यावर काही बंधन आहे का?

थोडं आहे, बरंचसं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्यात संरक्षण अधिकारी, म्हणजे पीडित बाईला कोर्टापर्यंत आणि मदतीपर्यंत पोचवणारे अधिकारी, नेमायचे ते राज्य सरकारने, ते महिला व बालविकास विभागाकडे येतात, पालिकेकडे नाही. या अधिकाऱ्यांची बोंब सगळीकडेच आहे, एकेकाकडे एवढा मोठा भाग की बाईला भेट मिळेपर्यंत दुसरी मारहाण होऊन गेलेली असते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना बजावलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर अधिकारी नेमा म्हणून, कायदा आल्यावर जवळपास १९ वर्षांनी. असो.

पण तुमचं हॉस्पिटल असेल तर कलम ७ तुम्हाला लागू आहे. पीडित बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागितलं तर उपचार द्यावेच लागतात. नियम क्रमांक १७ त्याहून पुढचं सांगतो, ते फार लोकांना माहीत नसतं: आधी घटनेचा अहवाल झाला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, उलट अहवाल झालेला नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने स्वतः नमुना १, म्हणजे त्या अहवालाचाच फॉर्म, भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा, आणि तपासणीच्या रिपोर्टची प्रत बाईला फुकट द्यायची. आपल्या दवाखान्यात हा नमुना १ कुठल्या कपाटात आहे ते विचारून बघा एकदा. मी चार ठिकाणी विचारलं, तीन ठिकाणी उलट मलाच विचारलं की तो कसला फॉर्म.

आणि कलम ४ नुसार कोणीही खबर देऊ शकतं, शेजारी, शिक्षिका, सफाई कामगार. चांगल्या हेतूने खबर दिली तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी काही येत नाही.

कुठल्या पालिकेने हे नीट करून दाखवलंय का?

हो, मुंबईने. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००१ मध्ये ‘दिलासा’ नावाचं केंद्र सुरू झालं, सेहत ही संस्था आणि मुंबई महापालिका या दोघांनी मिळून. देशात सरकारी हॉस्पिटलच्या आत असलेलं हे पहिलं असं केंद्र. यातली गंमत काय आहे की संस्थेने केंद्र उघडलं आणि पालिकेने जागा दिली, फोटो काढले, संपलं, असं झालं नाही. हॉस्पिटलच्याच डॉक्टर-नर्स लोकांना ट्रेनिंग दिलं, त्यांच्यातूनच पुढचे ट्रेनर तयार केले, आणि काही वर्षांनी केंद्र महापालिकेने आपल्याकडे घेतलं. २००६ मध्ये कुर्ल्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये दुसरं सुरू झालं. पुढे राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी पालिका रुग्णालयांत गेलं, केरळमध्ये ‘भूमिका’ नावाने, मेघालय आणि हरियाणातही याच धर्तीवर केंद्रं निघाली.

हे चाललं का, तर माझ्या मते दोन कारणांनी. एक म्हणजे दवाखान्यात जायला बाईला घरी कारण सांगावं लागत नाही. "डोकं दुखतंय, दवाखान्यात जाऊन येते" एवढं पुरतं, सासू पण अडवत नाही. समुपदेशन केंद्राची पाटी बाजारपेठेत लावली तर तिथे शिरताना दहा जण बघतात. दुसरं म्हणजे दुखापत घेऊन बाई तिथेच आलेली असते, तिला वेगळं शोधायला जायला लागत नाही, फक्त ओळखायला लागतं.

पोलिसांकडचं जुनं उदाहरण म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, तो नंतर राज्यभर गेला. तत्त्व तेच आहे, जिथे बाई येते तिथेच प्रशिक्षित माणूस बसवायचा.

ओळखायचं कसं? बाई तर सांगतेय की बाथरूममध्ये पडले.

केस पेपर बघायचा. "घरी पडली", "दार लागलं", "स्टोव्हचा भडका" हे शब्द एकाच बाईच्या नावापुढे तिसऱ्यांदा आले की तिथे थांबायचं. बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला हाताच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ उठत नाहीत. विष घेतलेली, गोळ्या खाल्लेली बाई आली की "चुकून घेतलं" असं लिहून पोट साफ करून दुसऱ्या दिवशी त्याच घरी डिस्चार्ज, हे तर सर्रास चालतं. वारंवार गर्भपात, झोप नाही, अंगदुखी पण सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि प्रत्येक वेळी नवराच उत्तर देतो, तीच खूण.

विचारायचं पण एकटीला. बरोबर आलेल्या माणसाला "तुम्ही जरा हा पेपर खिडकीवर शिक्का मारून आणा" म्हणून पाठवायचं. एक जुन्या सिस्टर होत्या, त्यांची ही युक्ती, शिक्का लागत नसायचा तरी पाठवायच्या. मग साधं विचारायचं, "घरात कुणी हात उचलतं का गं?" एवढंच. "तुझ्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का" असं विचारलं तर शंभरातल्या नव्व्याण्णव जणी नाही म्हणतील, कारण हिंसाचार म्हणजे टीव्हीवरचं काहीतरी असं त्यांना वाटतं, नवऱ्याने कानाखाली मारणं हा त्यांच्या लेखी हिंसाचार नसतोच. नाही म्हणाली तर सोडून द्यायचं, खोदत बसायचं नाही. फक्त म्हणायचं, कधी वाटलं तर मी सोमवार ते शनिवार इथेच असते. मला आठवतंय एक जण हे ऐकून गेली ती सात महिन्यांनी आली, तापाचा पेपर काढून.

आमच्याकडे मोठं हॉस्पिटल नाही, नुसतं आरोग्य केंद्र आहे. जमेल?

जमेल. लागतं काय तर दार लागणारी एक खोली. मी हे चेष्टेने म्हणत नाहीये. मी ज्या पहिल्या ठिकाणी काम केलं तिथे मला जागा दिली होती जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलाशेजारी, मध्ये कपाट. पलीकडे माणूस मयताचा दाखला मागतोय आणि अलीकडे बाई सांगतेय की नवऱ्याने काय केलं. बाई दोन वाक्यं बोलायची आणि कपाटाकडे बघून गप्प व्हायची. आठ महिने पत्रव्यवहार केला, उत्तर आलं की जागेची उपलब्धता नाही. त्याच इमारतीत एक खोली मोडक्या खुर्च्यांनी भरलेली होती. शेवटी आम्ही दोघी-तिघींनी मिळून एका रविवारी खुर्च्या गच्चीवर नेल्या. सोमवारी नोटीस आली, विनापरवानगी साहित्य हलवल्याची. खोली मात्र राहिली.

तर खोली, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ, बरोबरच्या पोरासाठी खडू-कागद. आणि दारावर ‘महिला अत्याचार समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावू नका कृपा करून. ‘आरोग्य सल्ला’ लिहा.

समुपदेशक कोण असावी? आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेलाच ट्रेनिंग दिलं तर?

ओळखणं आणि पाठवणं एवढं त्या करू शकतात, करतातही. पण त्यांना समुपदेशक बनवू नका. एक तर त्यांच्या डोक्यावर आधीच पन्नास रजिस्टरं आहेत, दुसरं म्हणजे त्या त्याच गल्लीत राहतात. संध्याकाळी तोच नवरा त्यांच्या दारात येऊन उभा राहतो, "माझ्या बायकोला काय शिकवलंस" म्हणून.

समुपदेशक समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेली असावी, कायद्याची माहिती असलेली, आणि पगारी असावी. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने, आणि मानधन तीन तीन महिने थकलेलं, हा प्रकार बंद झाला तर निम्मा प्रश्न सुटेल. बाईने एकदा तोंड उघडलं आणि पुढच्या वेळी खुर्चीत दुसरीच बसलेली असली की ती परत पहिल्यापासून सांगत नाही, उठून जाते.

पैसे कुठून आणायचे?

पैसे आहेत. महापालिका-नगरपालिकांनी बजेटच्या ५ टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचे असतात, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के. जिल्हा परिषदेच्या योजनांमध्ये समुपदेशन केंद्र चालवणं बसतं, कुणी अडवत नाही.

अडचण अशी की हा निधी जातो शिलाई मशीन, पिको-फॉल, ब्युटी पार्लरचा कोर्स, मुलींना सायकली आणि मार्च महिन्यातल्या महिला मेळाव्यात. मेळाव्याला मंडप, हार, पैठणीचा खेळ. मी खेळाच्या विरोधात नाही, मी पण खेळते. पण एका मेळाव्याच्या मंडपात एका समुपदेशकाचा किती महिन्यांचा पगार बसतो ते आपापल्या पालिकेच्या बिलांवर बघून घ्या. मशीन वाटलं की लाभार्थी दिसतात, यादी होते, फोटो होतो. दार लावून बसलेल्या बाईचा फोटो काढता येत नाही, म्हणून तिच्यासाठी बजेटात हेड निघत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण शिलाई मशीनने बाई पायावर उभी राहते ना?

काही राहतात. काहींचं मशीन नवरा तिसऱ्या महिन्यात विकतो.

आमच्या गावात तंटामुक्ती समिती आहे, ती नवरा-बायकोची भांडणं मिटवते. तेवढं पुरेसं नाही का?

तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये आली, बांधावरून भांडणं, पाण्याची भांडणं यात तिचा उपयोग झाला हे मान्य. पण बांधाच्या भांडणात दोन्ही पार्ट्या साधारण बरोबरीच्या असतात. मारहाणीत तसं नसतं. समितीसमोर दहा-बारा माणसं, त्यात बहुतेक पुरुष, अध्यक्ष नवऱ्याचा चुलता, आणि बाईला विचारतात, "बोल, काय त्रास आहे तुला?" ती काय बोलणार तिथे. मग कागद होतो की यापुढे पती मारहाण करणार नाही आणि पत्नी उलट उत्तर देणार नाही. हे ‘पत्नी उलट उत्तर देणार नाही’ मी स्वतः वाचलंय, स्टॅम्प पेपरवर, खाली दोघांचे अंगठे. पुढच्या वेळी मारलं की नवरा तोच कागद दाखवतो, बघा, हिनेच करार मोडला.

समुपदेशन म्हणजे समेट नव्हे. बाईला काय हवंय ते आधी, तिचा जीव सुरक्षित आहे का ते त्याच्याही आधी. तिला नांदायचंच असेल, आणि बऱ्याच जणींना नांदायचंच असतं, फक्त मार थांबायला हवा असतो, तर तेही ठीक आहे, पण तो निर्णय तिचा. समितीने मारहाणीचं प्रकरण मिटवायला घेऊच नये, समुपदेशकाकडे किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावं असा ठराव ग्रामसभेत करता येतो. आणि बाईला हेही सांगावं की कोर्टात जाता येतं, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय. लिहिलंय म्हणते, होतं असं म्हणत नाही. पण तातडीचा आदेश नवऱ्याला न ऐकताही देता येतो, आणि संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

रात्री बाई पोरांसकट बाहेर पडली तर कुठे ठेवायची?

इथे आपण सगळ्यात जास्त कमी पडतो. सखी वन स्टॉप सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, मुक्काम जास्तीत जास्त पाच दिवस. त्यापुढे शक्ती सदन, पूर्वी ज्याला स्वाधार गृह म्हणायचे. पण तालुक्याच्या गावात रात्री साडेअकराला जिल्ह्याला जायला एसटी नसते. मग तिला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसवतात नाहीतर पालिकेच्या बेघर निवाऱ्यात आणून सोडतात. बेघर निवारा वाईट नसतो पण तो यासाठी नाही, पत्ता गावाला माहीत, नवरा सकाळी दारात हजर.

नवीन इमारत बांधायला जाऊ नका, दहा वर्षं टेंडरातच जातील. एखाद्या नर्सिंग हॉस्टेलशी, महिला वसतिगृहाशी दोन खोल्यांचा करार करा, गुपचूप, पत्ता कुठल्याही ठरावात छापू नका. समुपदेशकाच्या हातात थोडी उचल रक्कम द्या, रिक्षाभाडं, दूध, सॅनिटरी पॅड, एक साडी किंवा गाऊन, औषधं. बाई चपलेशिवाय आलेली असते बऱ्याचदा. आणि एवढ्या खर्चासाठी तीन कोटेशनं मागवू नका हो.

मुलांचा एक जाच असतो. बऱ्याच निवाऱ्यांत मोठा मुलगा घेत नाहीत, बारा-तेरा वर्षांचा पोरगा असला की "याला दुसरीकडे ठेवा". आई म्हणते मग मी पण नाही राहत, आणि परत जाते. करार करतानाच हा मुद्दा लिहून घ्या.

कागदपत्रांसाठी पालिका काय करू शकते?

हे तर पूर्ण आपल्या हातात आहे आणि फुकट आहे. नेसत्या कपड्यानिशी निघालेल्या बाईकडे काहीच नसतं, कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. जन्मदाखले पालिकेकडे, लग्नाची नोंदणी पालिकेकडे किंवा ग्रामसेवकाकडे. समुपदेशकाच्या चिठ्ठीवर या नकला त्याच दिवशी द्यायच्या, "मूळ प्रत आणा", "पतीची सही आणा" असलं काही न विचारता. "पतीची सही आणा" म्हणून तिला परत पाठवणारी खिडकी मी पाहिलेली आहे.

शाळेचं पण तसंच. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे ते. पालिकेच्या शाळांना एक परिपत्रक काढा, आणि नवीन शाळेचं नाव वडिलांना फोनवर सांगायचं नाही हेही त्यात लिहा, कारण तो सगळ्यात आधी शाळेतच शोधायला येतो.

लोकांपर्यंत माहिती कशी पोचवायची? आम्ही फ्लेक्स लावला होता.

फ्लेक्सवर हेल्पलाइनचा नंबर छोटा आणि नेत्यांचे चेहरे मोठे होते ना? मग ती जाहिरात कुणाची ते कळलंच.

घंटागाडीवर भोंगा आहेच, ओला कचरा सुका कचरा सांगून झालं की एक वाक्य महिला हेल्पलाइन १८१ चं घाला. सार्वजनिक शौचालयात बायकांच्या बाजूला, दाराच्या आतून स्टिकर लावा, तिथे बाई एकटी असते आणि कोणी बघत नाही, तिच्यासाठी एकांताची ती एकच जागा असू शकते. लग्न नोंदणीच्या वेळी प्रमाणपत्राबरोबर माहितीचा कागद नवरा-नवरी दोघांना द्या. पत्रकं मात्र घरी नेण्यासारखी करू नका, पर्समध्ये सापडलं की मार बसतो. बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी, वर ‘लसीकरण तारीख’ आणि खाली नंबर, असं आम्ही करतो.

ग्रामपंचायत लहान, पैसा नाही. आम्ही काय करणार?

पैसा नसला तरी ठराव असतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एका ग्रामपंचायतीचं पाऊल राज्यभर गेलं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर न घेता खरीच घ्या, आणि त्यात पुरुष कर्मचारी नको. घराच्या नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या उताऱ्याला, नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायची मोहीम घ्या. घरात तिचं नाव असो नसो, नांदत्या घरात राहायचा हक्क तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ ने आहेच, पण उताऱ्यावर नाव असलं की "माझ्या घरातून चालती हो" म्हणताना नवऱ्याची जीभ थोडी अडखळते. भाऊसाहेबांकडे, म्हणजे ग्रामसेवकांकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), बालविवाह रोखायची जबाबदारी आधीपासून आहे, त्यांनाच संरक्षण अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर पाठ असायला काय हरकत आहे.

मी नगरसेविका आहे. बाई थेट माझ्या घरी येते. मी काय करू?

ताई, आधी चहा द्या. मग ऐका. तिच्यासमोर नवऱ्याला फोन लावून दम देऊ नका, लोकांना वाटतं ताईंचा वट आहे, पण रात्री त्या फोनची किंमत तीच मोजते. तिला विचारा आज रात्री घरी जायला भीती वाटते का, आधी गळा दाबला होता का, घरात हत्यार किंवा रॉकेल आहे का. हो म्हणाली तर विचार करत बसू नका, ११२. नाहीतर समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जा, चिठ्ठी देऊन पाठवू नका. आणि फोटो, स्टेटस, ‘ताईंच्या प्रयत्नाने संसार सावरला’ हे अजिबात नको.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत २०११ पासून. त्यातल्या काही जणी स्वतः घरी मार खातात, हे पण लिहून ठेवते.

मारणारा आमचाच कर्मचारी असेल तर?

मग तर पालिका दुहेरी अडकलेली आहे, कारण ती त्याची मालक आहे. कोर्ट कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली पोटगीची रक्कम त्याच्या पगारातून थेट बायकोला द्या असा आदेश मालकाला देऊ शकतं. असा आदेश आला की आस्थापना विभागात फाइल दाबली जाते, "साहेब रजेवर आहेत", मधल्या काळात तो कर्ज काढून पगार कापून घेतो. एका ठिकाणी पाच महिने आदेश इनवर्डलाच पडून होता, नाव घेत नाही. अशा आदेशांसाठी लेखा विभागात एक माणूस नेमा आणि सात दिवसांची मुदत ठेवा.

पुरुषांवरच्या अन्यायाचं काय?

मारहाण कुणालाही झाली तरी ११२ आहे, समुपदेशकाने पुरुषाशीही बोलावं. कौटुंबिक हिंसाचार कायदा मात्र बायकांसाठी आहे, त्यात आई, बहीण, मुलगी, सासू सगळ्या आल्या. मुलगा मारतो म्हणून येणाऱ्या म्हाताऱ्या आया आमच्याकडे वाढल्यात, त्यांना हा कायदा चालतो.

परदेशात कौन्सिलं काय करतात?

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते म्हणून थोडं माहीत आहे. तिथे २०२१ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर थेट जबाबदारीच टाकली की पीडितांना सुरक्षित निवासात आधार द्यायचा. म्हणजे मर्जीचा विषय राहिला नाही. तिथल्या मराठी बायकांनीही कौन्सिलला फोन करायला लाजू नये, ते उपकार करत नाहीत. आपल्याकडे तसं बंधन पालिकेवर नाही, त्यामुळे सध्या सगळं कोण आयुक्त आहे, कोण समिती सभापती आहे यावर. मुंबईत मार्च २०२२ पासून प्रशासक बसले आणि बाकी शहरांतही तसंच झालं, तेव्हा महिला बालकल्याण समित्याच नव्हत्या, विचारायला दारच नाही.

काम चालतंय की नाही हे मोजायचं कसं?

‘समेट झालेली प्रकरणे’ हा कॉलम रिपोर्टमधून काढून टाका, पहिलं काम. त्या कॉलममुळे समुपदेशकावर प्रेशर येतं आणि ती बायकांना परत पाठवते. त्याऐवजी दवाखान्यातून किती जणींना पाठवलं, किती नमुना १ गेले, संरक्षण अधिकाऱ्याने किती दिवसांत फोन केला, किती जणी दुसऱ्यांदा आल्या, हे बघा. दुसऱ्यांदा येणं म्हणजे अपयश नव्हे, विश्वास बसला. पहिल्या वर्षी आकडे वाढतील, तेव्हा कोणीतरी सभागृहात उठून म्हणेल की केंद्र उघडल्यापासून शहरात अत्याचार वाढले. त्यांना शांतपणे सांगायचं, वाढले नाहीत, दिसायला लागले.

महिन्यातून एकदा पोलीस, संरक्षण अधिकारी, दवाखाना, विधी सेवा यांना एका टेबलावर बसवा. तालुक्याला चौथ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतोच, त्याच दिवशी ठेवा, वेगळा प्रवासभत्ता लागणार नाही.

नंबर कोणते द्यायचे?

तातडीला ११२. महिला हेल्पलाइन १८१. मुलांसाठी १०९८. फुकट वकिलासाठी १५१००, बाईचं उत्पन्न कितीही असो तिला मोफत विधी सेवा मिळते, हे दहा वेळा सांगा कारण सगळ्यांना वाटतं फक्त पिवळ्या रेशन कार्डावर मिळते. आपल्या समुपदेशकाचा मोबाइलही द्या, पण तो पालिकेचा असू दे, तिचा खाजगी नको, रात्री दोनला नवरे शिव्या द्यायला फोन करतात.

आणि बाईच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करताना तिलाच विचारा कोणत्या नावाने करू. माझा नंबर गावात ‘गॅस एजन्सी’, ‘शाळेच्या बाई’, ‘ब्लाउजवाली’ असा बऱ्याच ठिकाणी आहे. एकीने ‘एलआयसी’ टाकलाय, म्हणाली, मॅडम, एलआयसीचा फोन आला की हे स्वतःच कट करतात, मग मी नंतर निवांत लावते.